पणजोबांचे नाव कारकुनाने कसे लिहिले असेल?

पुण्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यात आहे. वडिलांचे आजोबा धोंडी पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आले नाहीत. पक्की खबर कधीच न आल्यामुळे पणजीने अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही, आणि तिथी ठाऊक नसल्यामुळे पणजोबांचे श्राद्ध आजही सर्वपित्री अमावास्येलाच होते. गेले वर्षभर बाई कौटुंबिक इतिहासाच्या संकेतस्थळांवर शोध घेत आहेत. नाव धोंडी, आडनाव पाटील, जन्म १८९०, जन्मस्थळ सांगली, एवढी माहिती भरल्यावर एका ठिकाणी शून्य नोंदी आल्या आणि वर्गणी भरून घेतलेल्या एका परदेशी संकेतस्थळावर अकरा हजार. भाच्याला कोणीतरी चढवलेला एक तयार वंशवृक्ष सापडला आहे आणि तो आपलाच असल्याचे तो ठामपणे सांगतो. ओळखीतले एक गृहस्थ पंचवीस हजार रुपयांत ‘संपूर्ण वंशावळ’ आणून देण्यास तयार आहेत. वर्गणी पुढे चालू ठेवावी, त्या गृहस्थांना काम द्यावे की इथेच थांबावे, असे बाईंनी विचारले आहे.

बाई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही शेवटी विचारलेल्या तीन प्रश्नांकडे मी येणारच आहे. पण पत्रात जाता जाता लिहिलेली दोन वाक्ये मला त्या प्रश्नांपेक्षा मोलाची वाटली. गावातली थोरली पाती ‘सावंत’ लावते आणि तुम्ही ‘पाटील’ लावता, हे पहिले वाक्य. आणि देव्हाऱ्यात राजाचे तोंड असलेले चांदीचे एक पदक आहे, ते दर दसऱ्याला चिंचेने घासून पुन्हा देवांशेजारी ठेवतो, हे दुसरे. वर्षभर तुम्ही जे पडद्यावर शोधत होता, त्याचा बराचसा भाग या दोन वाक्यांत आहे.

आधी एका समजुतीविषयी बोलू. शोधाच्या चौकटीत आपण पणजोबांचे नाव लिहितो, तेव्हा तो संगणक आपल्या पणजोबांना शोधतो आहे असे मनात कुठेतरी धरलेले असते. प्रत्यक्षात तो माणूस शोधत नाही, अक्षरे शोधतो. आणि ती अक्षरे शंभर वर्षांपूर्वी मराठी न येणाऱ्या किंवा जेमतेम येणाऱ्या एखाद्या कारकुनाने, समोरच्या रंगरूटाने तोंडी सांगितलेले नाव कानावर जसे पडले तसे, इंग्रजीत उतरवलेली असतात. पुढे शंभर वर्षांनी तिसऱ्याच देशातल्या कोणीतरी ते हस्ताक्षर लावून त्याची सूची केलेली असते. त्यामुळे ‘माझ्या पणजोबांचे नाव काय होते’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. ‘त्या कारकुनाने काय लिहिले असेल’ हा प्रश्न उपयोगाचा आहे.

त्याने ‘पाटील’ लिहिले असण्याची शक्यता मला कमी वाटते. पाटीलकी हे वतन होते, हुद्दा होता. ती वतने १९६२ च्या कायद्याने संपली, पण तोवर अनेक घरांत हुद्द्याचे आडनाव होऊन बसले होते. जुन्या कागदांत तुम्हाला ‘धोंडी बिन रामजी’ अशी नावे भेटतील, खानदेश-मराठवाड्यात ‘बिन’च्या जागी ‘वलद’ असेल, आणि बाईमाणसाच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव असेल. आज आपण ज्याला आडनाव म्हणतो, ते त्या कागदांत असेलच असे नाही, आणि असले तरी घराण्याच्या मूळ नावाने असू शकते. पलटणीत भरती होताना तुमच्या पणजोबांनी बहुधा भाऊकीचे नाव सांगितले असेल, म्हणजे सावंत. गेले वर्षभर तुम्ही सावंतांना पाटलांच्या वाड्यात शोधत होता.

अकरा हजारांचा उलगडाही इथेच होतो. ‘मिळतेजुळते उच्चार दाखवा’ असा जो पर्याय या संकेतस्थळांवर असतो, त्याच्या अनेक प्रकारांचे मूळ साउंडेक्स नावाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत १९१८ मध्ये तिचे पेटंट घेतले गेले आणि ती इंग्रजी उच्चारांसाठी रचलेली आहे. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढची व्यंजने गटवार आकड्यांत बदलायची, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय ही अक्षरे सोडून द्यायची, असा तिचा नियम. या नियमाने ‘पाटील’चा संकेत होतो पी-३४०, आणि ‘पटेल’चाही पी-३४०. तुमच्या अकरा हजारांतले किती जण गुजरातचे होते, हे एकदा मोजून पाहा.

सावंतांचे तर आणखी गमतीचे आहे. सावंत हे नाव इंग्रजीत कोणी डब्ल्यू घालून लिहितो, कोणी व्ही घालून. साउंडेक्स डब्ल्यू सोडून देते, पण व्हीला आकडा देते. म्हणून डब्ल्यूवाले सावंत एस-५३० या खणात जातात आणि व्हीवाले सावंत एस-१५३ मध्ये. सख्खे भाऊ दोन खणांत! आणि डब्ल्यूवाल्या सावंतांच्या खणात शेजारी कोण बसतात, तर शिंदे. कारण त्यांचाही संकेत एस-५३० असाच निघतो. तेव्हा ‘मिळतेजुळते उच्चार’ हा पर्याय आपल्या नावांच्या बाबतीत एकीकडे नको ती माणसे आणतो आणि दुसरीकडे हवी ती लपवतो. तो बंद करा आणि त्याऐवजी चिन्हे वापरा. फॅमिलीसर्च आणि अँसेस्ट्री या दोन्ही मोठ्या संकेतस्थळांवर प्रश्नचिन्ह हे एका अक्षराच्या जागी आणि तारांकन हे कितीही अक्षरांच्या जागी चालते. एस-ए लिहून तारांकन घाला आणि पुढे एन-टी लिहा, म्हणजे डब्ल्यू, व्ही, मधला स्वर ए की यू, हे सगळे वाद एका फटक्यात मिटतात. ‘धोंडी’साठीही तसेच करावे लागेल, कारण त्यातला एच कारकुनाच्या कानाला लागलाच असेल असे नाही, आणि शेवटी आय, डबल ई किंवा डबल ओ यांपैकी काहीही असू शकते.

हे मी केवळ तर्काने सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले दोन मराठे आपल्याला शाळेपासून माहीत असतात. त्यांपैकी यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी कामी आले; त्यांचे नाव इंग्रजी कागदांत ‘येशवंत’ असे, वायपुढे ई घालून आहे. नामदेव जाधव यांचे नाव ‘जादव’ असे, एच गाळून आहे. इतक्या गाजलेल्या माणसांच्या नावांची ही गत, तर वाळव्याच्या एका साध्या शिपायाचे नाव तुमच्या मनातल्या स्पेलिंगप्रमाणेच असेल, ही अपेक्षा आपण सोडून द्यायला हवी.

आता ‘सांगली’. हा मला तुमच्या शोधातला सर्वांत सहज सुधारता येणारा दोष वाटतो. १९१६ मध्ये सांगली हे संस्थान होते, जिल्हा नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते; १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. कोकणातल्या वाचकांनी हेच लक्षात ठेवावे: सिंधुदुर्ग १९८१ पूर्वी रत्नागिरीत होता आणि रायगडचे नाव कुलाबा होते. ठिकाण लिहिताना मृत माणसाच्या काळातला जिल्हा लिहायचा, आणि तोही त्या काळच्या स्पेलिंगने. साताऱ्यात एक टी असेल किंवा दोन, पुण्याचे ‘पूना’ असेल, खडकीचे ‘किर्की’. गावाचे नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहून आधी कागदावर काढा आणि मगच संगणक उघडा.

आणखी एक सवय मोडावी लागेल. नाव, आडनाव, जन्मसाल, जन्मस्थळ, वडिलांचे नाव अशा सगळ्या चौकटी भरल्या की शोध नेमका होईल असे आपल्याला वाटते, कारण सरकारी अर्जात एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. इथे उलटे आहे. तुम्ही भरलेला प्रत्येक रकाना म्हणजे एक अट, आणि एक अट चुकली की बरोबर असलेली नोंदही बाहेर फेकली जाऊ शकते. १८९० हे साल तुम्ही कुठून आणले? तुम्हीच लिहिता की, ‘आजोबांच्या जन्माच्या वेळी ते पंचविशीत असतील असा हिशेब केला.’ हिशेब चांगला आहे, पण तो हिशेब आहे, माहिती नव्हे. अंदाजाचे जे असेल ते रिकामे सोडा. खात्रीचे एक किंवा दोनच भरा, आणि निकाल फार आले तरच तिसरे.

तुमच्या बाबतीत खात्रीचे काय आहे? युद्ध, प्रदेश आणि बहुधा पलटण. म्हणून मी तुम्हाला वर्गणीच्या संकेतस्थळावरून उठवून राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींकडे पाठवणार आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘सीडब्ल्यूजीसी’ म्हणतात. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतल्या सतरा लाख मृतांच्या नोंदी आहेत आणि त्या विनामूल्य पाहता येतात. मात्र तिथे एक खाच आहे. हिंदी शिपायांच्या अनेक नोंदींत पूर्ण नाव, म्हणजे नाव आणि आडनाव दोन्ही, आडनावाच्याच रकान्यात घातलेले आहे आणि नावाचा रकाना मोकळा आहे. तुम्ही नावात धोंडी आणि आडनावात सावंत असे वेगवेगळे भरले, तर हाती काहीच येणार नाही आणि तुम्ही निराश होऊन उठाल.

म्हणून पहिल्या खेपेला नाव लिहूच नका. पहिले महायुद्ध निवडा, मृत्यूच्या तारखा १९१४ ते १९२१ घाला आणि पलटणीच्या रकान्यात फक्त ‘मराठा’ लिहा; पण जुन्या इंग्रजी पद्धतीने, म्हणजे एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. मधला एच आणि दुहेरी टी गाळलात तर त्या काळातली एकही मराठा पलटण सापडणार नाही. त्यापुढे ‘लाइट इन्फन्ट्री’ हे शब्दही जोडू नका, कारण १०३ आणि ११० क्रमांकाच्या पलटणी लाइट इन्फन्ट्री होत्या, पण ११७ वी नुसतीच ‘मराठा’ होती. जी यादी येईल ती उतरवून घेण्याची सोय तिथेच आहे. ती तक्त्याच्या रूपात घ्या आणि दुपारच्या चहानंतर निवांत डोळ्यांखालून घाला. संगणकाला जे साधत नाही ते मराठी माणसाच्या डोळ्याला साधते. इंग्रजीत वाटेल तसे मोडलेले ‘धोंडी’ तुम्ही क्षणात ओळखाल, कारण तुम्ही ते मनात मोठ्याने वाचाल. काही नोंदींत शेवटी जादा माहितीचा रकाना असतो आणि त्यात बापाचे नाव, कधी बायकोचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असे दिलेले असते. तिथे वाळवा आणि सातारा हे दोन शब्द एकत्र दिसले की थांबा आणि ती नोंद वहीत उतरवून घ्या.

पणजोबा मराठा पलटणीतच होते, हे तुम्ही गृहीत धरले आहे आणि वर मीही धरले. पण ते तपासण्याचे साधन तुमच्या देव्हाऱ्यात आहे. पदकाच्या एका बाजूस पाचव्या जॉर्जचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला उघडा पुरुष व १९१४, १९१८ ही साले असतील, तर ते त्या युद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल आहे. त्याची दर्शनी बाजू बघू नका, कड बघा. रुपयाच्या नाण्याला जिथे दाते असतात, तिथे या पदकावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. सकाळचे तिरपे ऊन खिडकीतून येते तेव्हा पदक बोटांत धरून हळूहळू फिरवा, आणि भाच्याला मोबाइलने कडेचे चार-पाच तुकड्यांत फोटो काढायला सांगा. अक्षरे पुसट असतील तर पातळ कागद कडेभोवती गुंडाळून वरून मऊ पेन्सिल फिरवा. शंभर दसरे चिंचेने घासल्यावर काय उरले आहे ते बघू. पण कृपा करून यापुढे ते घासू नका, हळद-कुंकू वाहा आणि सोडून द्या. पदक चांदीचे नसून काशाचे निघाले, तर तीही माहितीच आहे: लढणाऱ्यांना चांदीचे मिळे, आणि पखालजी, खेचरवाले, मजूर अशा सेवेकऱ्यांपैकी अनेकांना काशाचे. मग तुमची दिशा पलटणीकडून त्या दलांकडे वळेल.

त्या कडेवरचा क्रमांक मिळाला, तर स्पेलिंगची सारी कटकट संपते. नाव दहा प्रकारे लिहिले जाते, क्रमांकाचे तसे होत नाही. मात्र प्रत्येक पलटणीचे क्रमांक स्वतंत्र असल्यामुळे नुसता क्रमांक जुळणे पुरेसे नाही. क्रमांक आणि पलटण ही जोडी जुळायला हवी.

आणि तरीही नोंद सापडली नाही तर? या वाक्यापाशी बहुतेक जण ‘म्हणजे घरातली गोष्ट खोटी’ असा निष्कर्ष काढतात. तो घाईचा आहे, कारण यादीच अपुरी असू शकते. या आयोगानेच एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मान्य केले की, पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची, नावानिशी किंवा मुळातच आठवण ठेवली गेली नाही. त्यांत पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसे मुख्यतः होती, पण केवळ तीच नव्हती. बसऱ्याच्या स्मारकावर कबर ठाऊक नसलेल्या ४०,५०० हून अधिक जणांचे स्मरण आहे, पण दगडावर साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीखाली केवळ त्यांची संख्या कोरली गेली. तेव्हा शून्य नोंदींचा अर्थ ‘या यादीत, या अक्षरांत सापडले नाही’ एवढाच घ्यायचा.

‘बसऱ्याला गेले’ हे शब्दही जरा सैल धरा. बसरा हे बंदर होते. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेवर गेलेला माणूस तिथे उतरे, म्हणून गावच्या बोलण्यात सारी मोहीमच ‘बसरा’ झाली. वर सांगितलेल्या तिन्ही मराठा पलटणी तिथल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले तेव्हा सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, आणि हिंदी कैद्यांपैकी अनेक जण रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर राबले. खबर कधीच आली नाही, असे तुम्ही लिहिता; ते या प्रकाराशी जुळण्यासारखे आहे. मात्र ते सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही.

परदेशी संकेतस्थळांवर इतका वेळ घालवताना आपण घरच्या कागदांकडे पाहत नाही, ही तक्रार मी या सदरात पूर्वीही केली आहे. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या कौटुंबिक नोंदी म्हणून जे परदेशात विकले जाते, ते मुख्यतः गोऱ्यांचे आणि ख्रिस्ती कुटुंबांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने असतात; वाळव्याच्या शेतकऱ्याचे घर त्यात नसते. ते महसूल दप्तरात असते. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत आणि थोडे शुल्क भरून पाहता येतात. तिथली अडचण वेगळीच आहे. नावाने शोध होत नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर लागतो. आजच्या सातबाऱ्यावर तुमच्याकडे गट नंबर असेल, आणि तो बहुधा एकत्रीकरणानंतरचा, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडल्यानंतरचा, असेल. जुना सर्व्हे नंबर भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून काढावा लागेल. एवढे केलेत की पणजोबांच्या जमिनीचा वारस फेरफार शोधा. माणूस मेल्याची खात्री नसली की अशी नोंद लांबते, कारण सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला मृत मानता येते, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम होता. म्हणून १९१६ पाशीच थांबू नका, पुढची पंधरा वर्षे चाळा. त्या फेरफारात पणजीचे नाव ‘कोम धोंडी’ असे सापडले, तर ती एक ओळ तुमच्या अकरा हजार नोंदींना भारी पडेल.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा जिल्हा प्रशासनांनी गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, जिला सगळे ‘कोतवाल बुक’ म्हणतात, तसेच शाळांची जनरल रजिस्टरे, मोडीतली पत्रके असे पुष्कळ जुने दप्तर स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवले. ते प्रमाणपत्रांसाठी ठेवले असले तरी कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. हे सगळे चित्ररूपात असल्यामुळे शोधाच्या चौकटीत नाव लिहून ते सापडणार नाही. तालुका आणि गाव उघडून पानामागून पान वाचावे लागते. इथे माझाच एक अनुभव सांगतो. माझ्या आजोबांचा शाळेतला दाखला मी दोन महिने त्यांच्या नावाने शोधत होतो. शेवटी तो ‘बापू’ या हाकेच्या नावाने, त्यांच्या आजोळच्या गावच्या शाळेत सापडला, आणि माझ्या आत्येला ही गोष्ट पहिल्यापासून माहीत होती. तिला कोणी विचारले नव्हते. तुमच्या गावची थोरली पाती अजून आहे. पुढच्या जत्रेला जाल तेव्हा तिथल्या सर्वांत वयस्कर बाईंना पणजोबांना घरात काय म्हणत, हे आवर्जून विचारा.

आता भाचा आणि त्याचा वंशवृक्ष. त्यात धोंडी आहे, सावंतही आहे, म्हणून तो तुमचा, असे त्याचे म्हणणे. सातारा जिल्ह्यात त्या काळी या नावाची किती माणसे असतील याचा अंदाज तुम्ही शिक्षिका म्हणून हजेरीपटावरून करू शकाल. एका वर्गात तीन संतोष पाटील असतात. मी स्वतःसाठी केलेला नियम असा आहे की नावाखेरीज दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणायचा नाही: बापाचे नाव आणि गाव, किंवा बायकोचे नाव आणि पलटण, अशा. त्या वृक्षात एखाद्या नोंदीचा आधार दिला आहे का ते पाहा. दिला असेल तर वृक्ष सोडून मूळ नोंदीकडे जा. नसेल तर तो कोणाचा तरी अंदाज आहे, आणि पाच जणांनी उतरवून घेतलेला अंदाज हा पाचपट पुरावा होत नाही. तुमच्या वृक्षात हयात माणसांच्या जन्मतारखा घालू नका, हेही त्याला सांगून ठेवा. बँका अजून त्याच तारखा विचारतात.

वर्गणीचे म्हणाल तर तूर्त नूतनीकरण करू नका. सीडब्ल्यूजीसी आणि फॅमिलीसर्च दोन्ही विनामूल्य आहेत, आणि तुमचा शोध ज्या कागदांवर अवलंबून आहे ते वर्गणीच्या संकेतस्थळावर मुळात फारसे नाहीत. पुढे कधी वाटलेच, तर आधी वहीत वीस नेमके शोध लिहून काढा आणि एकाच महिन्याचे पैसे भरून ते आटपा. वही मात्र आजच घाला. कोणत्या दिवशी, कुठे, कोणती अक्षरे लिहून शोधले आणि काय आले, हे लिहिले नाही तर सहा महिन्यांनी तोच शोध आपण नव्या उत्साहाने पुन्हा करतो. मी केला आहे.

पंचवीस हजारवाल्या गृहस्थांना नकार द्या असे मी सरसकट म्हणत नाही. मोडी वाचणारा, तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात जाऊन बसणारा माणूस लागतोच, आणि त्या कष्टाचे पैसे त्याला मिळावेत. पण ‘संपूर्ण वंशावळ’ ही विकत घेण्याची वस्तू नव्हे. त्याला एक ठरावीक काम द्या, उदाहरणार्थ तुमच्या गावचे १९१५ ते १९३० चे वारस फेरफार. पैसे त्या कामाचे ठरवा, आणि प्रत्येक नावामागे दप्तराचे नाव, साल, नोंद क्रमांक आणि मूळ पानाची छायाप्रत मिळेल असे आधी लिहून घ्या. याला तो तयार नसेल, तर तुम्हाला घरबसल्या सोळा पिढ्या मिळतील आणि सोळावी एखाद्या राजघराण्याला जाऊन भिडेल.

राहिला तिथीचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रभर आहे. नोंद मिळाली, दोन खुणा जुळल्या आणि तारीख हाती आली, तर त्या वर्षीच्या पंचांगावरून तिथी काढता येईल. १९१६ चा पाडव्यानंतरचा काळ म्हणजे शके १८३८. पण कैदेत मेलेल्यांच्या बाबतीत कागदावरची तारीख कचेरीने मागाहून धरलेली असू शकते. शिवाय शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध आपल्याकडे आदल्या दिवशी, चतुर्दशीला करतात, हे तुमचे गुरुजी सांगतीलच. आणि या नोंदींत मृत्यूची तारीख असली तरी माणूस गोळीने गेला की तापाने, हे बहुधा लिहिलेले नसते. त्या मोहिमेत रोगाने गेलेलेही फार होते. म्हणून पदकाची कड वाचून होईपर्यंत आणि क्रमांकाची जोडी जुळेपर्यंत अमावास्येचा दिवस बदलू नका. कडेवर काय निघाले ते मला कळवा. अक्षरे लागत नसतील तर फोटो पाठवा, दोघे मिळून लावून पाहू.